काळ्या गाडीवरचे बारीक जाळे काढण्यासाठी मशीनला कोणता पॅड लावावा?

कोथरूडकर (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. माझ्याकडे २०१८ साली घेतलेली काळ्या रंगाची होंडा सिटी आहे. गाडी सोसायटीच्या पार्किंगमध्ये छपराखाली उभी असते, त्यामुळे उन्हाने रंग उडालेला नाही. मात्र गेली काही वर्षे ती रोज सकाळी गाड्या पुसणाऱ्या माणसाकडून पुसून घेत होतो. आधी कोरड्या फडक्याने धूळ झटकायची आणि मग एकाच बादलीतल्या पाण्यात फडके बुडवून ओळीने सगळ्या गाड्या पुसायच्या, अशी त्याची पद्धत होती. दसऱ्याला बॉनेटवर लावलेले हळदकुंकू वाळल्यावर मी स्वतःही कोरड्याच कापडाने घासून काढत आलो. आता रात्री पेट्रोल पंपाच्या दिव्यांखाली गाडी उभी केली की प्रत्येक दिव्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखी गोल वलये दिसतात. बोटाचे नख फिरवले तर कुठेही अडकत नाही, म्हणून हे ओरखडे फार खोल नसावेत असा माझा समज आहे.

बाहेरून पॉलिश करून घेण्याऐवजी हे काम स्वतः शिकून करावे, असे ठरवून मी एक डीए (ड्युअल ॲक्शन, म्हणजे पॅड डोलवत फिरवणारे) पॉलिशिंग मशीन घेतले आहे. त्याचा थ्रो (डोलण्याचा घेर) १५ मिलिमीटर असून बॅकिंग प्लेट, म्हणजे पॅड चिकटवायची तबकडी, १२५ मिलिमीटरची आहे. सोबत मेग्वायर्सच्या एम २०५ या पॉलिशची बाटली घेतली. अडचण आली ती पॅड घेताना. दुकानात पिवळे, नारिंगी, निळे, पांढरे आणि काळे फोम पॅड होते, शिवाय मायक्रोफायबरचे आणि लोकरीचेही होते. दुकानदाराच्या म्हणण्याप्रमाणे निळा पॅड सर्वांत मऊ. मी पाहिलेल्या एका व्हिडिओत मात्र निळा सर्वांत कडक असल्याचे सांगितले होते. शेवटी काहीही न घेता परत आलो.

माझ्यासारख्या, मशीन पहिल्यांदाच हातात घेणाऱ्या माणसाने नेमका कोणता पॅड घ्यावा, कोणत्या मापाचा घ्यावा आणि किती घ्यावेत? लोकरीच्या पॅडने काम लवकर होते असे ऐकले आहे, तर एकदाच तो लावून मोकळे व्हावे का?

बफिंग_ठाणे

तुमचा गोंधळ रंगांमुळे झाला आहे, आणि तो होणे स्वाभाविक आहे, कारण पॅडच्या रंगांना कोणतेही सर्वमान्य मानक नाही. थ्री-एम कंपनीच्या मालिकेत हिरवा पॅड कंपाउंडसाठी (जास्त कापणाऱ्या पॉलिशसाठी), पिवळा पॉलिशसाठी आणि निळा अगदी शेवटच्या हलक्या हातासाठी असतो. इटलीच्या रूपेसकडे निळा सर्वांत कडक, पिवळा बारीक कामाचा आणि पांढरा त्याहूनही मऊ असतो. मेग्वायर्सच्या फोम पॅडमध्ये मरून कटिंगचा, पिवळा पॉलिशिंगचा आणि काळा फिनिशिंगचा. म्हणजे तुमचा दुकानदार आणि तो व्हिडिओ करणारा, दोघेही आपापल्या कंपनीपुरते बरोबर असू शकतात. पॅड घेताना रंग विसरा आणि पाकिटावर कटिंग, पॉलिशिंग किंवा फिनिशिंग यांपैकी कोणता शब्द छापला आहे तेवढे वाचा. पाकीट नसेल, तर त्याच दुकानातले दोन-तीन पॅड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दाबून त्यांची तुलना करा. कटिंगचा फोम दाबाला विरोध करतो, पॉलिशिंगचा सहज दबून लगेच मूळ आकाराला येतो आणि फिनिशिंगचा अंघोळीच्या स्पंजसारखा मऊ लागतो.

आता थोडे कारणाविषयी, कारण ते कळले की पुढचे निर्णय तुम्हाला स्वतःलाच घेता येतील. फोम स्वतः फारसे काही कापत नाही. कापतात ते पॉलिशमधले घासणारे बारीक कण. पॅडचे काम हे कण धरून ठेवणे, त्यांच्यावर किती दाब पडेल ते ठरवणे आणि त्यांना हलते ठेवणे. कडक फोम हाताचा दाब जसाच्या तसा कणांपर्यंत पोहोचवतो, तर मऊ फोम त्यातला बराच दाब स्वतःच पिऊन टाकतो. तुम्ही घेतलेल्या एम २०५ च्या बाबतीत हे आणखी महत्त्वाचे ठरते. काही पॉलिशमधले कण घासता घासता फुटून बारीक होत जातात, त्यामुळे सुरुवातीला ते जास्त कापतात आणि शेवटी चकाकी देतात. एम २०५ चे कण तसे फुटत जाणारे नाहीत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत ते जवळपास सारखेच राहतात. म्हणून हे पॉलिश किती कापेल, हे पॅड आणि तुमचा हात मिळून ठरवतात.

तुमच्या कामासाठी मी मध्यम-मऊ पॉलिशिंग फोम पॅड सुचवीन, आणि त्याने सुरुवात करून पाहिल्याशिवाय कटिंगचा पॅड विकतही घेऊ नका असे आग्रहाने सांगेन. होंडाचा, त्यातही काळ्या गाड्यांचा, क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) सहसा मऊ असतो, असा माझाच नव्हे तर हे काम करणाऱ्या बहुतेकांचा अनुभव आहे. मऊ क्लिअर कोटवर ओरखडे लवकर पडतात, पण लवकर निघतातही. अडचण अशी की कडक पॅडने ते काढताना त्याच पॅडचे नवे, बारीक, धुरकट ठसे उमटतात आणि काळा रंग राखाडी दिसू लागतो. मायक्रोफायबरच्या पॅडचे तेच. त्याचे आखूड धागे कणांना टोकावर धरतात आणि स्वतःही थोडे घासतात, त्यामुळे कडक रंगावर तो उत्तम चालतो, पण तुमच्या गाडीवर त्यामागोमाग दुसरा, मऊ हात फिरवावाच लागेल. लोकरीने काम लवकर होते हे खरे आहे. लोकर थंड चालते आणि भरपूर कापते. मात्र नख न अडकणाऱ्या जाळ्यासाठी एवढी कापणी करण्याचे काही कारणच नाही.

हा जपून वागण्याचा आग्रह कशासाठी, तेही सांगतो. कारखान्यातून आलेल्या रंगाचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात, आणि त्यांतला सर्वांत वरचा पारदर्शक क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉनचा असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपण ओरखडा 'काढतो' म्हणजे त्याच्या तळाच्या पातळीपर्यंत आजूबाजूचा क्लिअर कोट खाली आणतो. हलक्या हाताच्या पॉलिशमध्ये तो एक-दोन मायक्रॉन जातो, पण गेलेला परत येत नाही. गाडी आणखी आठ-दहा वर्षे वापरायची असेल, तर हा थर पुढच्या वेळेसाठीही शिल्लक राहिला पाहिजे.

मापाचे सांगायचे तर १२५ च्या प्लेटला १४० ते १५० मिलिमीटरचा पॅड घ्या. पॅड प्लेटच्या कडेपेक्षा थोडा बाहेर असावा, म्हणजे प्लेटची कडा रंगाला लागणार नाही. मात्र सात इंची पॅड घेऊ नका. डीए मशीनमध्ये पॅड छोट्या घेरात डोलत असतो आणि त्या डोलण्यामुळेच स्वतःभोवती गोल फिरतो. पॅड मोठा किंवा फार जाड असला, की डोलणे सुरू राहते पण गोल फिरणे थांबते, आणि मग तुम्ही कितीही वेळ मशीन धरले तरी ओरखडे तसेच राहतात. जाडी एक इंचाच्या आतबाहेर असावी, आणि शक्यतो मधोमध भोक असलेला पॅड घ्यावा, कारण सर्वांत जास्त उष्णता मध्यभागी साठते. बॅकिंग प्लेटच्या कडेवर पक्क्या शाईच्या पेनाने एक ठळक रेघ ओढून ठेवा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली, तर पॅड फिरतो आहे. ती एका जागी थरथरताना दिसली, तर दाब कमी करा किंवा मशीन सपाट धरा.

संख्येत काटकसर करू नका. संपूर्ण गाडीसाठी पॉलिशिंगचे निदान पाच आणि फिनिशिंगचे दोन पॅड ठेवा. प्रत्येक पॅड दोन पत्र्यांच्या कामानंतर गरम आणि ओला होतो, त्यात पॉलिश आणि घासून निघालेला क्लिअर कोट साचतो, आणि तो पहिल्यासारखा काम करेनासा होतो. एकाच पॅडने पूर्ण गाडी करण्याचा प्रयत्न हेच नवशिक्यांच्या निराशेचे कारण असते, असे मला वाटते. दोष मात्र पॉलिशला दिला जातो.

सुरुवात बॉनेटवर ५० सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनात करा. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब पुरेत. नवा पॅड असेल, तर आधी थोडे पॉलिश बोटाने त्याच्या सगळ्या पृष्ठभागावर चोळून घ्या. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवा, कमी वेगावर पॉलिश पसरवा आणि मग ६ पैकी ४ किंवा ५ वर आडवे-उभे असे चार फेरे सावकाश मारा. हात सेकंदाला एखाद्या इंचापेक्षा वेगाने सरकू देऊ नका. पुसून पाहा आणि इथे कळवा. त्या एका चौकोनावर जे जमेल, तेच उरलेल्या गाडीवर करायचे आहे.

उद्यमनगर_कोल्हापूर

मी गेली तीस वर्षे गाड्यांच्या रंगकामात आहे, आणि वरच्या उत्तराशी बहुतांशी सहमत आहे. फक्त पॅडच्या चर्चेत पॅडच्या आधीचे काम राहून गेले, म्हणून लिहितो. गाडी शाम्पूने नीट धुऊन, डांबराचे ठिपके काढून आणि क्ले (चिकटलेली घाण ओढून काढणारी मऊ माती) फिरवून हाताला पत्रा काचेसारखा गुळगुळीत लागल्याशिवाय मशीनला हात लावू नका. पत्र्यावर चिकटलेला एक कण सुटून पॅडमध्ये अडकला, तर तो पॅड कितीही मऊ असला तरी पुढच्या फेऱ्यात नवे ओरखडे काढणार. पॅड जमिनीवर पडला तर तो झटकून पुन्हा लावू नका. सरळ बाजूला ठेवा.

आमच्या काळी पद्मिनी आणि अँबेसेडरच्या रंगावर वेगळा क्लिअर कोट नसे, म्हणून पॉलिश करताना रंगच लोकरीवर उतरत असे आणि त्याची भीती वाटत नसे. आता तुमच्या गाडीवर वरचा थर पारदर्शक आहे, म्हणून पॅडवर गाडीचा रंग उतरताच कामा नये. पॅडवर काळेपणा दिसला, तर ताबडतोब थांबा. एक तर तो थर घासून संपला आहे, नाही तर पॅड काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीला किंवा रबराला लागला आहे. याच कारणासाठी काळ्या गाडीला निदान पहिल्यांदा तरी काळा पॅड लावू नये, असे माझे मत आहे. त्यावर काय उतरले हे दिसतच नाही. पांढरा किंवा पिवळा पॅड खोटे बोलत नाही.

दाराच्या घडीवर, बॉनेटच्या कडेला आणि जिथे पत्र्याला धार आहे तिथे रंग मुळातच पातळ बसतो, कारण ओला रंग धारेवरून खाली ओघळतो. तिथे मास्किंग टेप लावा आणि पॅड धारेच्या अलीकडे ठेवा. रोटरीवर (पॅड न डोलता नुसता गोल फिरवणाऱ्या मशीनवर) कडक लोकर लावून घाईने काम करणाऱ्यांनी याच धारा जाळलेल्या मी आयुष्यभर दुरुस्त करत आलो. बंपरवरही जपून काम करा. लोखंडी पत्रा उष्णता आजूबाजूला पसरवतो, प्लॅस्टिक ती एका जागी धरून ठेवते, त्यामुळे बंपरवर पॅड एका जागी रेंगाळला तर रंग मऊ पडतो. डीए मशीनने हा धोका कमी होतो, पण संपत नाही.

आणखी एक गोष्ट. गाडी २०१८ ची आहे, म्हणजे एखादे दार किंवा फेंडर मधल्या काळात कुठे तरी पुन्हा रंगवलेला असू शकतो, विशेषतः गाडी दुसऱ्याकडून घेतली असेल तर. दुरुस्तीचा लॅकर (म्हणजे वरचा पारदर्शक थर) कारखान्याच्या लॅकरपेक्षा मऊही असतो आणि कडकही, त्यामुळे बॉनेटवर जमलेला पॅड त्या दारावर चालेलच असे नाही. रंगाची जाडी मोजणारे मीटर कोणाकडून तरी मागून आणा. लोखंडी पत्र्यावर १०० ते १४० च्या आसपास आकडा आला तर रंग बहुधा मूळचा, २०० च्या पुढे गेला तर दुरुस्ती झालेली असण्याची शक्यता मोठी. मात्र हा आकडा सगळ्या थरांचा मिळून असतो, त्यातला क्लिअर कोट किती ते साधे मीटर सांगत नाही. म्हणून मोठा आकडा दिसला म्हणून जास्त घासायला हरकत नाही, असे समजू नका. बंपरच्या प्लॅस्टिकवर तर असले मीटर चालतच नाही.

कोथरूडकर

दोघांचेही मनापासून आभार. गाडी मी नवीच घेतली होती, त्यामुळे रंग मूळचाच असावा, तरीही ओळखीच्या एका गॅरेजमधून मीटर मागवले आहे.

रविवारी सकाळी बॉनेटवर तो चौकोन करून पाहिला. पॉलिशिंगचा पिवळा फोम पॅड, १५० मिलिमीटर, एम २०५, वेग ४, आडवे-उभे चार फेरे. पुसल्यावर मला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसला नाही, कारण दहा मिनिटांपूर्वी दिसणारे जाळे जवळजवळ नाहीसे झाले होते. चार-पाच सरळ, लांब ओरखडे तेवढे राहिले आहेत. मात्र दुपारी गाडी उन्हात काढल्यावर त्याच चौकोनात अगदी पुसट, धुरासारखी झाक दिसली. एका विशिष्ट कोनातूनच ती दिसते. आता वेग वाढवू, कडक पॅड लावू की फिनिशिंगचा लावू?

दुसरा प्रश्न असा की माझे मेहुणे पुढच्या महिन्यात न्यू जर्सीहून येत आहेत आणि येताना पॅडचा संच व गाडीच्या काचांमधल्या खांबांच्या अरुंद जागांसाठी एक लहान तीन इंची मशीन आणतो म्हणतात. ते आणायला सांगावे का?

बफिंग_ठाणे

तुम्ही दिलेल्या वर्णनावरून काम बरोबर दिशेने चालले आहे. वेग वाढवू नका आणि कडक पॅड तर मुळीच लावू नका. जाळे निघाले याचा अर्थ या पॅडची कापणी पुरेशी आहे, आणि जी झाक दिसते आहे ती त्याच पॅडचा ठसा आहे. तुमच्या क्लिअर कोटला या पॅडनंतर आणखी एक मऊ हात हवा, इतकेच.

पण फिनिशिंगचा पॅड लावण्याआधी एक गोष्ट तपासून पाहा. चौकोनाच्या शेजारी तेवढ्याच मापाचा दुसरा चौकोन घ्या, पॅड ब्रशने झाडून साफ करा, पॉलिश चारऐवजी तीनच थेंब घ्या, आणि शेवटचे दोन फेरे हाताचा दाब काढून, फक्त मशीनच्या वजनावर मारा. पुष्कळदा झाक पॅडमुळे नसून पॅडमध्ये साचलेल्या जुन्या पॉलिशमुळे किंवा शेवटपर्यंत तसाच ठेवलेल्या दाबामुळे येते. एवढ्याने झाक गेली, तर अख्खी गाडी एकाच पॅडने, एकाच टप्प्यात होईल, आणि तुमचा क्लिअर कोटही वाचेल. गेली नाही, तर फिनिशिंगचा मऊ पॅड आणि तेच एम २०५ घेऊन, वेग ३ वर दोन फेरे मारा. दुसरे पॉलिश विकत घेण्याची गरज पडेल असे मला वाटत नाही.

पाहणी करताना पॉलिशमधल्या तेलापासून सावध राहा. ते ओरखड्यांमध्ये भरून बसते आणि धुतल्यावर पुन्हा ओरखडे दिसू लागतात. पाण्यात १० ते १५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मिसळून त्या द्रावणाने चौकोन पुसा आणि मगच निकाल ठरवा. मऊ रंगावर पुसायचे कापडही नवे आणि जाड मायक्रोफायबरचेच हवे, नाही तर पुसण्यानेच नवे ओरखडे पडतात. ट्यूबलाइटखाली काहीच दिसत नाही. मोबाइलची टॉर्च किंवा ऊन, असा एकाच बिंदूतून येणारा प्रकाश हवा. तुम्हाला पेट्रोल पंपावर दिसलेली वलयेही खरे तर वलये नाहीत. ओरखडे सगळ्या दिशांनी पडलेले असतात, पण दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे आडवे येतात तेवढेच चमकून आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतात, म्हणून दिवा सरकला की वलयही सरकते. यासाठीच टॉर्च एका जागी धरू नका, सगळीकडून फिरवून पाहा.

राहिलेले चार-पाच सरळ ओरखडे हे जाळ्याचा भाग नाहीत, ते जास्त खोल आहेत. त्यांच्या मागे लागून त्या जागेचा क्लिअर कोट पातळ करणे मला पटत नाही. आजूबाजूचे जाळे गेल्यावर ते रोजच्या नजरेला फारसे जाणवतही नाहीत.

मेहुण्यांकडून पॅड जरूर मागवा. पॅडला वीज लागत नाही आणि तिथे निवड पुष्कळ असते. मात्र व्यास त्यांना इंचांत सांगा आणि तुमच्या प्लेटचे माप पाच इंच असल्याचे कळवा. मशीन मागवताना विचार करा. तिथला विजेचा दाब १२० व्होल्ट, आपल्याकडे २३० व्होल्ट. थेट लावले तर ते जळेल, आणि मधे ट्रान्सफॉर्मर लावायचा तर तो मशीनच्या वॅटपेक्षा बराच मोठा घ्यावा लागतो. त्याऐवजी खांबांचे काम तीन इंची फोम पॅड हातात धरून करा. जागा थोडी आहे, हाताने होते.

मडगाव_किनारा

एक भर घालतो, कारण पावसाळा तोंडावर आला आहे. आमच्याकडे किनाऱ्यावर हवेत इतकी आर्द्रता असते की पावसाळ्यात फोम पॅड धुऊन ठेवला तर चार-चार दिवस आतून ओलाच राहतो, आणि बाहेरून तो कोरडा वाटतो. असा पॅड मशीनला लावला की ते पाणी पॉलिशमध्ये उतरते, कण वाहून जातात आणि पत्र्यावर नुसता चिखल होतो. मी पहिल्या वर्षी तीन पॅड असेच लावले आणि पॅडच कमी दर्जाचे आहेत असे समजून टाकून दिले. आता पॅड कोमट पाण्यात साध्या साबणाने हाताने दाबून धुतो, पिळत कधीच नाही, आणि मग पॅड मशीनला लावून, रिकाम्या बादलीत धरून काही सेकंद फिरवतो. बहुतेक पाणी तेव्हाच निघून जाते. नंतर पंख्याखाली वेल्क्रोची बाजू वर करून ठेवतो. गरम पाणी वापरू नका, कारण फोम आणि वेल्क्रो जोडणारा डिंक त्याने सैल होतो. मशीनवरून पॅड काढतानाही फोम धरून ओढू नका, कडेला वेल्क्रोच्या थराखाली बोटे घालून सावकाश सोडवा.

पुण्यात एप्रिल-मेच्या उन्हात याच्या उलट होते. पत्रा तापलेला असेल तर पॉलिश फेरा संपायच्या आत वाळते आणि पांढरी भुकटी उडते. अशा वेळी पॅड बदलून उपयोग होत नाही, सकाळची वेळ आणि सावली एवढाच उपाय.

कोथरूडकर

काम पूर्ण झाले, म्हणून कळवतो. सांगितल्याप्रमाणे दुसरा चौकोन करून पाहिला. पॅड झाडून, तीन थेंब घेऊन आणि शेवटचे फेरे बिनदाबाचे मारल्यावर झाक बरीच कमी झाली, पण उन्हात बारकाईने पाहिल्यावर थोडी शिल्लक होती. म्हणून बॉनेट, छत आणि डिकी या वरून प्रकाश पडणाऱ्या भागांवर फिनिशिंगच्या पॅडने दुसरा हात फिरवला, आणि दारे व फेंडर पहिल्याच टप्प्यावर सोडून दिले. अल्कोहोलच्या द्रावणाने पुसल्यानंतरही काळा रंग काळाच दिसतो आहे. रोज सकाळी दोन तास असे चार दिवस लागले, आणि पॉलिशिंगचे सहा व फिनिशिंगचे दोन पॅड वापरात आले. त्यांतला एक पॅड मी फोम धरून ओढल्यामुळे वेल्क्रोपासून सुटला. मडगावहून आलेली सूचना तोवर मी वाचली नव्हती.

मीटरबद्दल कोल्हापूरच्या काकांनी सांगितले ते फार उपयोगी पडले. बॉनेट आणि छतावर ११० ते १२५ च्या दरम्यान आकडे आले, पण डाव्या मागच्या दारावर २४० आला. घरी विचारल्यावर कळले की मी परगावी असताना पार्किंगमध्ये दुसरी गाडी घासली होती आणि ते दार बाहेरून रंगवून घेतले होते. त्या दारावर तोच पॅड आणि तेच पॉलिश घेऊन एक चौकोन करून पाहिला, तर ओरखडे जेमतेम कमी झाले. काका, तिथे कटिंगचा पॅड लावण्याऐवजी हाच पॅड दोनदा फिरवला तर चालेल का?

उद्यमनगर_कोल्हापूर

चालेल. त्या दारावरचा लॅकर कडक बसला आहे असे दिसते. हाच पॅड दोनदा फिरवा, पण दुसऱ्या वेळी नवा, कोरडा पॅड घ्या आणि दोन्हींच्या मध्ये पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबा. एवढ्यानेही निम्मे ओरखडे राहिले, तर मग पॉलिश बदला. त्याच पिवळ्या पॅडवर थोडे जास्त कापणारे पॉलिश घ्या आणि शेवटी एम २०५ चा एक हात द्या. कटिंगचा पॅड मी त्या दारावर लावणार नाही, कारण दुरुस्तीच्या वेळी खाली पुट्टी किती भरली आणि वर लॅकर किती मारला, हे २४० या आकड्यावरून सांगता येत नाही. दाराच्या हँडलखालच्या खोलगट जागेत नखांचे ओरखडे असतील, तिथे मशीन नेऊ नका. फोमचा तुकडा कापून बोटाने करा.